ऊर्जा पिके

ऊर्जा पिके म्हणजे मुख्यतः इंधन, उष्णता किंवा वीज मिळवण्याच्या हेतूने लावली जाणारी पिके, गवते व वृक्ष होत. ऊस, मका, गोड ज्वारी, मोगली एरंड, करंज, मिस्कँथस हे उंच गवत, विलो, निलगिरी आणि सुबाभूळ ही त्यांची परिचित उदाहरणे आहेत. वनस्पती वाढताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि जळताना तोच परत हवेत सोडतात. योग्य काळजी घेतल्यास हे चक्र पुन्हा पुन्हा चालू ठेवता येते, म्हणून अशा इंधनाचा समावेश नवीकरणक्षम ऊर्जेत केला जातो.

तथापि सर्व ऊर्जा पिके सारखीच लाभदायक नसतात. एखाद्या पिकाने किती जमीन अडवली, किती पाणी घेतले, त्या जमिनीवर पूर्वी काय होते आणि लागवड ते इंधन या प्रवासात किती ऊर्जा खर्च झाली, यांवर त्याचे खरे मोल अवलंबून असते. गेल्या पन्नास वर्षांत निरनिराळ्या देशांनी केलेल्या प्रयोगांतून हा मुद्दा वारंवार पुढे आला आहे.

संज्ञा व व्याप्ती

जैवभारापासून मिळणाऱ्या ऊर्जेचे स्रोत ढोबळमानाने तीन आहेत: नैसर्गिक वनांतून मिळणारे सरपण, शेती व उद्योगांतील अवशेष (पाचट, तूस, चिपाड, मळी, शेण इत्यादी) आणि मुद्दाम लावलेली ऊर्जा पिके. यांपैकी तिसऱ्या स्रोतासाठी स्वतंत्र जमीन लागते. साखर कारखान्यातील मळीपासून बनवलेले इथेनॉल हे उपपदार्थापासूनचे इंधन आहे. उसाचा रस साखरेकडे न नेता थेट इथेनॉलकडे वळवला, तर मात्र तोच ऊस ऊर्जा पीक ठरतो. म्हणजेच ऊर्जा पीक ही वनस्पतीची जात नसून तिच्या वापराचा प्रकार आहे. मका कोंबड्यांच्या खाद्यात गेला तर ते खाद्यपीक आणि आसवनीत गेला तर ते ऊर्जा पीक होय.

इतिहास

लाकूड हे मानवाचे सर्वांत जुने इंधन आहे. झाड बुंध्याजवळ तोडायचे, त्याच्या खुंटातून फुटणारे धुमारे वाढू द्यायचे आणि काही वर्षांनी ते पुन्हा तोडायचे, ही पद्धत युरोपात अनेक शतके प्रचलित होती. दगडी कोळशाचा वापर वाढण्यापूर्वी लोखंड गाळण्याच्या भट्ट्यांना लागणारा कोळसा अशाच राखीव वनांतून येत असे.

वनस्पतिजन्य तेलावर चालणाऱ्या इंजिनाची कल्पनाही जुनी आहे. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात रूडॉल्फ डिझेल यांच्या पद्धतीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. पुढे स्वस्त खनिज तेलामुळे हा विषय मागे पडला.

१९७३ च्या तेलसंकटानंतर त्याकडे नव्याने लक्ष गेले. प्रकाशसंश्लेषणावरील संशोधनासाठी १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे रसायनशास्त्रज्ञ मेल्विन कॅल्व्हिन यांनी १९७० च्या दशकात हायड्रोकार्बनयुक्त चीक देणाऱ्या युफोर्बिया वर्गातील वनस्पतींची लागवड करून तेल मिळवण्याची कल्पना मांडली. त्याच काळात ब्राझीलने उसाच्या इथेनॉलचा, स्वीडनने विलो वृक्षांचा आणि फिलिपिन्सने सुबाभळीचा कार्यक्रम हाती घेतला. एकविसाव्या शतकात तेलाच्या आयातीबरोबरच हवामान बदल हे या पिकांना प्रोत्साहन देण्याचे दुसरे प्रमुख कारण बनले.

कार्यतत्त्व

वनस्पती प्रकाशसंश्लेषणाद्वारे सूर्यप्रकाशातील ऊर्जा शर्करा, पिष्ट, सेल्युलोज, लिग्निन व तेल या रूपांत साठवते. मात्र ही क्रिया फारशी कार्यक्षम नाही. गहू, भात व बहुतेक वृक्ष ज्या गटात येतात त्या सी-३ वनस्पतींची सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता सुमारे ४.६ टक्के आहे. ऊस, मका, ज्वारी व मिस्कँथस यांसारख्या सी-४ वनस्पतींची ती सुमारे ६ टक्के मानली जाते. ऊर्जा पिकांच्या यादीत उंच गवतांचा भरणा असण्याचे हे एक कारण आहे. प्रत्यक्ष शेतात पाणी, खत, तापमान आणि वाढीचा कालावधी यांच्या मर्यादांमुळे वर्षभराची सरासरी बहुधा एक टक्क्याच्याही खाली राहते.

साठवलेली ऊर्जा वापरण्याचे मार्ग पुढीलप्रमाणे आहेत:

थेट ज्वलन: लाकूड किंवा गवताचे तुकडे, गठ्ठे अथवा दाबून केलेल्या पेलेट बाष्पित्रात जाळून उष्णता व वीज मिळवतात. पूर्ण कोरड्या लाकडाचे उष्मांकमूल्य किलोमागे सुमारे १८ मेगाज्यूल असते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचेच असू शकते. त्यामुळे वाळवणी ही या साखळीतील महत्त्वाची पायरी आहे.

गॅसिफिकेशन: मर्यादित हवेत लाकूड तापवून ज्वलनशील वायू तयार करतात व त्यावर इंजिन चालवतात.

किण्वन: उसाच्या रसातील शर्करेचे किंवा मक्यातील पिष्टाचे यीस्टच्या साहाय्याने इथेनॉलमध्ये रूपांतर करतात व ऊर्ध्वपातनाने ते वेगळे काढतात. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकी ऊर्जा असते.

एस्टरीकरण: तेलाची मिथेनॉलशी रासायनिक क्रिया घडवून बायोडिझेल तयार करतात. या क्रियेत ग्लिसरीन हा उपपदार्थ मिळतो.

विनॉक्सी पचन: हिरवा मका किंवा गवत मूरघासाच्या रूपात साठवून बंद टाकीत कुजवतात व बायोगॅस मिळवतात.

प्रमुख प्रकार

बहुवर्षीय गवते. मिस्कँथस जायगँटियस हा दोन आशियाई जातींचा नैसर्गिक संकर आहे. त्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्याने त्याला रुजणारे बी धरत नाही. म्हणून जमिनीखालील मूलक्षोडाचे, म्हणजे आल्यासारख्या कांड्यांचे, तुकडे लावून त्याची वाढ केली जाते. हे गवत १९३५ मध्ये जपानमधून डेन्मार्कला नेण्यात आले. एकदा लावल्यावर पंधरा ते वीस वर्षे दरवर्षी त्याची कापणी करता येते. हिवाळ्यात पाने सुकताना त्यांतील बरीचशी पोषकद्रव्ये मूलक्षोडात परततात. त्यानंतर कापणी केल्याने जमिनीतून कमी पोषकद्रव्ये जातात व खतही कमी लागते. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील स्विचग्रास या गवतावर अमेरिकेत १९९० च्या दशकापासून असेच संशोधन झाले आहे.

अल्पमुदतीचे वृक्ष. विलो व पॉप्लर हे समशीतोष्ण प्रदेशांत, तर निलगिरी, सुबाभूळ, सुरू व बांबू (वनस्पतिशास्त्रीय दृष्ट्या गवतच) हे उष्ण प्रदेशांत लावले जातात. विलोची लागवड दाट, हेक्टरी दहा ते पंधरा हजार रोपे, अशी असते. दर तीन-चार वर्षांनी तोड घेतली जाते आणि खुंटांना पुन्हा फुटवा येतो. एक लागवड वीस वर्षांहून अधिक काळ टिकते. उसाचा खोडवा राखण्याच्या पद्धतीशी तिचे साम्य आहे.

शर्करा व पिष्ट देणारी पिके. ऊस, बीट, गोड ज्वारी, मका, गहू व कसावा यांपासून इथेनॉल मिळते. भारतातील सरासरी उत्पादन विचारात घेतल्यास, हेक्टरी ८० टन ऊस आणि टनामागे ७० लिटर या हिशेबाने उसाच्या रसापासून हेक्टरी सुमारे ५,६०० लिटर इथेनॉल मिळू शकते. मक्यापासून टनामागे सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते. परंतु भारतात मक्याचे उत्पादन हेक्टरी तीन-साडेतीन टनांच्या घरात असल्याने हेक्टरी १,२०० ते १,३०० लिटरच हाती येते. मक्याला पाणी बरेच कमी लागते, ही त्याची जमेची बाजू होय.

तेल देणारी पिके. युरोपात मोहरीवर्गीय रेपसीड, अमेरिका खंडात सोयाबीन आणि आग्नेय आशियात पाम ही बायोडिझेलची प्रमुख पिके आहेत. मोगली एरंड व करंज यांचे तेल खाण्यायोग्य नसल्याने त्यांचा अन्नाशी थेट संघर्ष होत नाही, असे मानले गेले होते.

जमिनीचा हिशेब

ऊर्जा पिकांची सर्वांत मोठी मर्यादा जमिनीची आहे. ती एका साध्या आकडेमोडीतून स्पष्ट होते. महाराष्ट्रात एका चौरस मीटर सपाट जमिनीवर वर्षाला सुमारे १,८०० ते २,००० युनिट (किलोवॅट-तास) सौर ऊर्जा पडते. म्हणजेच एका हेक्टरवर ती सुमारे दोन कोटी युनिट होते. त्या हेक्टरातून वर्षाला दहा टन कोरडा जैवभार मिळाला, तर त्यात सुमारे ५०,००० युनिट उष्णता साठलेली असते. पडलेल्या ऊर्जेचा हा जेमतेम पाव टक्का होय. लहान वीजकेंद्राची कार्यक्षमता २५ टक्के धरल्यास त्यातून १२,५०० युनिट वीज मिळेल. या हिशेबाने वर्षाला ७,००० तास चालणाऱ्या एक मेगावॅटच्या केंद्राला सुमारे ५६० हेक्टर लागवड लागेल.

तेवढ्याच एका हेक्टरवर सौर पटले बसवल्यास साधारण अर्धा मेगावॅट क्षमता उभी राहते आणि वर्षाला सात लाखांच्या आसपास युनिट वीज मिळते. केवळ विजेचा विचार केला, तर सौर पटले ऊर्जा पिकांच्या पन्नासपटीहून अधिक उत्पादन देतात.

तरीही ही तुलना पूर्ण नाही. सौर वीज दिवसाच मिळते आणि ती साठवण्यासाठी वेगळा खर्च येतो. वनस्पती मात्र प्रकाश ग्रहण करतानाच तो साठवते. वाळलेले लाकूड महिनोन्महिने टिकते आणि हवे तेव्हा जाळता येते. विमाने किंवा जहाजे यांना लागणारे द्रव इंधन विजेपासून मिळवणे आजही महाग आहे. शिवाय लाकडाची वाढ, तोड व वाहतूक यांतून ग्रामीण भागात रोजगार निर्माण होतो. म्हणून ऊर्जा पिकांचा उपयोग सर्वत्र न करता जेथे अन्य पर्याय अवघड आहेत तेथे करावा, असे मत अनेक अभ्यासक मांडतात.

विविध देशांतील अनुभव

ब्राझील

ब्राझील सरकारने १४ नोव्हेंबर १९७५ रोजी प्रोआल्कूल हा राष्ट्रीय इथेनॉल कार्यक्रम जाहीर केला. १९७९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी मोटार तेथे विक्रीस आली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेल स्वस्त झाले व साखरेचे भाव वाढले, तेव्हा कारखाने साखरेकडे वळले आणि इथेनॉलची टंचाई निर्माण झाली. परिणामी ग्राहकांचा अशा गाड्यांवरील विश्वास उडाला. २००३ पासून पेट्रोल व इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या आल्यावर ही अडचण दूर झाली. ब्राझीलमधील ऊस मुख्यतः पावसावर वाढतो आणि चिपाड जाळून कारखाना स्वतःची वाफ व वीज तयार करतो. त्यामुळे खर्च केलेल्या जीवाश्म ऊर्जेच्या आठपटीच्या आसपास ऊर्जा इथेनॉलच्या रूपाने परत मिळते, असा अंदाज आहे. मक्याच्या इथेनॉलच्या बाबतीत हे प्रमाण बरेच कमी, साधारण दीड ते दोन पट इतके असते.

अमेरिका

अमेरिकेने २००५ व २००७ च्या ऊर्जाविषयक कायद्यांद्वारे मोटारींच्या इंधनात जैवइंधन मिसळणे बंधनकारक केले. त्यानंतर तेथील मक्याच्या उत्पादनाचा सुमारे ४० टक्के भाग इथेनॉलकडे जाऊ लागला. त्यातील सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनयुक्त पशुखाद्याच्या रूपाने परत मिळतो.

स्वीडन

स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात अनुदानाच्या आधारे सुमारे १५,००० हेक्टरांवर विलोची लागवड झाली. अनुदान घटल्यावर नवी लागवड मंदावली. तेथील एन्शॉपिंग या शहराची योजना विशेष उल्लेखनीय आहे. शहराच्या सांडपाण्यातील नत्रयुक्त पाणी विलोच्या लागवडीला दिले जाते, ते लाकूड शहराला उष्णता व वीज पुरवणाऱ्या केंद्रात जाळले जाते आणि त्याची राख शेतात परत जाते. येथे एकच लागवड इंधन पुरवते आणि पाण्याची शुद्धीही करते.

जर्मनी

जर्मनीने २००४ मध्ये ऊर्जा पिकांपासूनच्या बायोगॅस विजेला वाढीव दर लागू केला. पुढील काही वर्षांत बायोगॅस संयंत्रांची संख्या नऊ हजारांवर गेली आणि मक्याखालील क्षेत्र झपाट्याने वाढले. एकाच पिकाच्या प्रसारामुळे जमिनीचे खंड वाढले, जैवविविधता घटली आणि लोकांत नाराजी पसरली. त्यामुळे २०१२ मध्ये नव्या संयंत्रांतील मका व तृणधान्यांच्या वापरावर ६० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आणि २०१४ मध्ये वाढीव दर रद्द झाला.

फिलिपिन्स

फिलिपिन्सने १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुबाभळीच्या (स्थानिक नाव इपिल-इपिल) लाकडावर चालणाऱ्या अनेक लहान वीजकेंद्रांची योजना आखली. डोंगराळ व निकस जमिनींवर झाडांची वाढ अपेक्षेहून कमी झाली, उत्पादकांना मिळणारा भाव अपुरा पडला आणि मोजकीच केंद्रे प्रत्यक्ष उभी राहिली. १९८५ च्या सुमारास सुबाभळीवरील सिलिड या रसशोषक किडीचा देशभर प्रादुर्भाव झाला. एकाच जातीवर संपूर्ण कार्यक्रम उभारण्याचा धोका त्यातून स्पष्ट झाला.

भारतातील स्थिती

मोगली एरंडाचा प्रयोग

नियोजन आयोगाच्या जैवइंधन समितीने २००३ च्या अहवालात २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट सुचवले. त्यासाठी सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरांवर मोगली एरंडाची लागवड आवश्यक ठरत होती. ही वनस्पती पडीक जमिनीत वाढते, तिला पाणी कमी लागते आणि जनावरे ती खात नाहीत, हे तिचे गुण मानले गेले. अनेक राज्यांनी तिची लागवड हाती घेतली.

प्रत्यक्षात हे उद्दिष्ट साध्य झाले नाही. पडीक जमिनीत झाड जगते, पण तेथे ते भरघोस बी देतेच असे नाही, हा यातील मुख्य धडा होता. हलक्या, कोरडवाहू जमिनीत बियांचे उत्पादन अंदाजापेक्षा फारच कमी आले. लागवडीसाठी निवडक, सुधारित वाण उपलब्ध नव्हते. फळे एकाच वेळी पिकत नसल्याने ती हातानेच वेचावी लागत आणि मजुरी वाढे. एक टन बियांपासून साधारण अडीचशे ते तीनशे किलो तेल निघते. उरलेली पेंड विषारी असल्याने चारा म्हणून चालत नाही. शिवाय ‘पडीक’ अशी नोंद असलेल्या पुष्कळ जमिनी गावकऱ्यांची गायराने होती. गुरे चारणे व सरपण गोळा करणे यांसाठी त्या वापरात होत्या. लागवडीमुळे जमीन अडली आणि तेलही मिळाले नाही, असा अनुभव अनेक ठिकाणच्या भूमिहीन व पशुपालक कुटुंबांना आला.

इथेनॉल मिश्रण

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे सुरू झाले. २००३ पासून नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम लागू झाला. दीर्घकाळ यासाठी प्रामुख्याने मळीचाच वापर होत असे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाचा रस, बी-हेवी मळी, खराब झालेले धान्य व अतिरिक्त धान्य यांपासूनच्या इथेनॉलला वाट करून दिली. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट प्रथम २०३० साठी ठरले होते, ते पुढे २०२५-२६ पर्यंत अलीकडे आणण्यात आले. २०२५ मध्ये ही पातळी गाठली गेली.

या वाटचालीत अन्न व इंधन यांच्यातील ताणही दिसून आला. अपुऱ्या पावसामुळे साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठवण्यात आले. दरम्यान आसवन्या मक्याकडे वळल्या. मक्याचे भाव वाढल्याने शेतकऱ्यांचा लाभ झाला, परंतु कुक्कुटपालन व्यवसायाचा खाद्यखर्च वाढला. अनेक दशके मका निर्यात करणाऱ्या भारताला २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागला.

लाकडावर आधारित प्रयोग

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी या छोट्या गावात १९८८ मध्ये ३.७ किलोवॅटचा लाकडावरील गॅसिफायर बसवला. त्यासाठी गावालगत सुमारे दोन हेक्टरांवर मिश्र वृक्षांचे ऊर्जावन लावण्यात आले. त्यातून घरांतील दिवे, पिण्याच्या पाण्याचा पंप आणि पिठाची गिरणी चालवली गेली. गरज, क्षेत्र व तोड यांचे प्रमाण आधीच जुळवलेले असल्याने हा प्रयोग अनेक वर्षे टिकला. अलीकडे आसाममधील नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल तयार करणारा प्रकल्प उभारण्यात आला असून त्याचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले.

महाराष्ट्र

उसाखालील मोठे क्षेत्र व साखर कारखान्यांचे जाळे यांमुळे महाराष्ट्र हे इथेनॉलच्या प्रमुख उत्पादक राज्यांपैकी एक आहे. इथेनॉलमुळे कारखान्यांना साखरेव्यतिरिक्त उत्पन्नाचा मार्ग मिळाला आणि शेतकऱ्यांची उसाची देणी वेळेत भागवण्यास मदत झाली, असे या धोरणाचे समर्थक सांगतात.

दुसऱ्या बाजूला प्रश्न पाण्याचा आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी सिंचनासह सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. हेक्टरी ५,६०० लिटर इथेनॉल धरल्यास हे पाणी हेक्टरी १ कोटी ६० लाख लिटर होते. हे पाणी त्या हेक्टरावर एकाच वेळी उभे केले, तर १.६ मीटर उंचीचा थर होईल. मराठवाड्यातील वार्षिक पाऊस सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे या थराच्या निम्म्याहूनही कमी असतो. उरलेले पाणी धरणे, विहिरी व कूपनलिका यांतूनच आणावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. याच लातूर जिल्ह्यात उसाची शेती व साखर कारखाने आहेत. त्यामुळे अवर्षणप्रवण भागातील इंधनासाठीच्या उसाकडे केवळ तेलाच्या बचतीच्या दृष्टीने पाहता येत नाही.

या पार्श्वभूमीवर फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेचे (स्थापना १९६८) गोड ज्वारीवरील काम महत्त्वाचे आहे. गोड ज्वारीच्या कणसातून धान्य, ताटाच्या रसातून काकवी वा इथेनॉल आणि चोथ्यापासून चारा किंवा जळण मिळते. तिला उसापेक्षा बरेच कमी पाणी लागते आणि ती सुमारे चार महिन्यांत तयार होते. मात्र तोडणीनंतर ताटांतील साखर झपाट्याने घटते व हंगामही थोड्या दिवसांचा असतो. त्यामुळे मोठ्या आसवनीला वर्षभर माल पुरवणे कठीण जाते आणि या पिकाचा औद्योगिक प्रसार मर्यादित राहिला आहे.

पर्यावरणीय परिणाम

कार्बनचे ऋण. जंगल किंवा पीटयुक्त दलदल साफ करून ऊर्जा पीक लावले, तर झाडांत व मातीत साठलेला कार्बन एकदम हवेत जातो. पुढील वर्षांत जैवइंधनामुळे होणारी बचत आधी हे ऋण फेडण्यात खर्ची पडते. सायन्स या नियतकालिकात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ब्राझीलच्या सेराडो प्रदेशातील उसाला हे ऋण फेडण्यास सुमारे १७ वर्षे लागतात. इंडोनेशिया व मलेशियातील पीट जमिनीवरील पामला ४०० हून अधिक वर्षे लागतात.

अप्रत्यक्ष भूवापर बदल. विद्यमान शेतातील धान्य इंधनाकडे वळवल्यास ते धान्य पिकवण्यासाठी अन्यत्र नवी जमीन लागवडीखाली येते. एका देशातील जैवइंधनामुळे दुसऱ्या देशातील जंगल तुटू शकते. या कारणास्तव युरोपीय संघाने २०१५ मध्ये अन्नपिकांपासूनच्या जैवइंधनाच्या वाट्यावर ७ टक्क्यांची मर्यादा घातली. अधिक धोक्याच्या इंधनांचा वापर २०३० पर्यंत थांबवण्याचा निर्णयही पुढे घेण्यात आला.

खते. नत्रखतांच्या वापरातून नायट्रस ऑक्साइड वायू बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा तापमानवाढीचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट असतो. त्यामुळे खत कमी लागणारी बहुवर्षीय गवते व वृक्ष या बाबतीत मक्यापेक्षा सरस ठरतात. त्यांची मुळे वर्षानुवर्षे जमिनीत राहत असल्याने धूपही कमी होते.

आक्रमकता. झपाट्याने वाढणे, निकस जमिनीत तगणे व तोडल्यावर पुन्हा फुटणे हे ऊर्जा पिकाचे गुण तणाचेही असतात. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकात लावलेल्या वेड्या बाभळीने पुढे फार मोठे क्षेत्र व्यापले आणि पशुपालकांची कुरणे आक्रसली. सुबाभळीचा समावेश जगातील शंभर उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत करण्यात आला आहे.

अन्नसुरक्षा. २००७-०८ मध्ये जगभर धान्याचे भाव कडाडले. तेलाची दरवाढ, काही देशांतील अवर्षण व निर्यातबंदी यांच्याबरोबरच धान्याचा इंधनासाठी वाढलेला वापर हे त्याचे एक कारण होते. त्याचा नेमका वाटा किती, याविषयी अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. इंधन विकत घेणारा वाहनधारक आणि धान्य विकत घेणारे गरीब कुटुंब एकाच बाजारात समोरासमोर आले, की दोघांची खरेदीशक्ती समान नसते, हे या वादाचे मूळ आहे.

निवडीचे निकष

वरील अनुभवांवरून एखादे ऊर्जा पीक उपयुक्त आहे की नाही हे ठरवताना पुढील प्रश्न विचारात घेतले जातात:

१. त्या जमिनीवर आज काय आहे आणि तिच्यावर कोणाची उपजीविका अवलंबून आहे?
२. पिकाला लागणारे पाणी त्या भागातील पावसातून मिळते की अन्य गरजा मारून आणावे लागते?
३. नांगरणी, खत, वाहतूक व प्रक्रिया यांवरील खर्च वजा जाता किती ऊर्जा शिल्लक राहते?
४. एकच पीक सर्वत्र लावले जात आहे की मिश्र लागवड आहे?
५. तेच काम शेतीतील अवशेष, सौर ऊर्जा किंवा पवनऊर्जा यांतून अधिक सहजतेने होऊ शकते का?

शेवटच्या प्रश्नामुळे अलीकडे अवशेषांच्या वापराकडे कल वाढला आहे. हरियाणातील पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. अवशेषांना वेगळी जमीन लागत नाही. मात्र सर्वच अवशेष काढून नेल्यास मातीतील सेंद्रिय कर्ब घटतो, म्हणून त्यांचाही वापर मर्यादेत ठेवावा लागतो. बांधावरची, रस्त्याकडेची व शेताच्या कडेची झाडे, तसेच सांडपाण्यावर वाढवलेली वने यांत अन्नपिकांशी स्पर्धा सर्वांत कमी असते. त्यांतून मिळणारी ऊर्जा थोडी असली, तरी तिची किंमत अन्य कोणाला मोजावी लागण्याची शक्यताही कमी राहते.

हेही पाहा

जैवइंधन
जैवभार
इथेनॉल
बायोगॅस
करंज
सुबाभूळ
सामाजिक वनीकरण
प्रकाशसंश्लेषण